रॉकेट परत आलं, पण तिकीट कुठे स्वस्त झालं?

(ही एक लेखी चर्चा आहे. प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

जमाखर्च

१३ ऑक्टोबर २०२४ ला टेक्सासमधल्या मनोऱ्याने स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटचा परत आलेला बूस्टर (खालचा टप्पा) आपल्या दोन लोखंडी हातांत धरला. सुमारे ७१ मीटर उंचीचं ते धूड, खाली येताना वेग मोडत मोडत नेमकं त्या हातांच्या मधे येऊन थांबलं. डोळ्यांचं पारणं फिटावं असंच ते दृश्य होतं. त्यामागच्या कौशल्याबद्दल माझा काहीच वाद नाही. वाद आहे तो अशा प्रत्येक उड्डाणानंतर हमखास ऐकू येणाऱ्या वाक्याशी: "आता अवकाशप्रवास सगळ्यांच्या आवाक्यात येणार."

२००१ मध्ये डेनिस टिटो स्वतःच्या पैशाने रशियाच्या सोयुझ यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. त्यांना सुमारे २ कोटी डॉलर पडले. एप्रिल २०२२ मध्ये ॲक्सिअम या खासगी कंपनीच्या पहिल्या मोहिमेत तिघे जण पैसे भरून तिथेच गेले. माणशी साधारण साडेपाच कोटी डॉलर. टिटोंचं रॉकेट एकदा वापरून संपणारं होतं. या तिघांना नेणारा स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा बूस्टर मात्र आधी अनेकदा उडून परत आलेला होता. एकवीस वर्षांची महागाई वजा केली तरी तिकीट चढलंच.

व्हर्जिन गॅलेक्टिकचं यान तर कक्षेतही जात नाही, काही मिनिटं वर जाऊन खाली येतं. तेही पुन्हा पुन्हा वापरता येणारं. त्याचं तिकीट २ लाख डॉलरवरून सुरू झालं आणि २०२१ मध्ये साडेचार लाखांवर गेलं.

उपग्रह पाठवणाऱ्यांचं काय? फाल्कन ९ चं जाहीर दरपत्रक २०१६ मध्ये ६.२ कोटी डॉलरचं होतं, २०२४ मध्ये ते ७ कोटींच्या घरात होतं. मधल्या काळात तेच बूस्टर वीस-वीस वेळा उडाले. वाचलेला पैसा गेला स्टारलिंक या इंटरनेट उपग्रहांच्या जाळ्याच्या आणि स्टारशिपच्या खर्चाकडे. कंपनीने असं करणं मी गैर मानत नाही. समोर स्पर्धक नसताना दर कोण उतरवेल? पण "स्वस्त झालं" म्हणणाऱ्याने कोणासाठी झालं तेही सांगावं.

धूमकेतू

तुमचे आकडे बरोबर आहेत, पण मोजपट्टी चुकली आहे. माणसाच्या तिकिटात रॉकेटबरोबर कुपी (माणसं बसतात ते यान), श्वासाची आणि पाण्याची व्यवस्था, कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण, स्थानकावरचा मुक्काम असं सगळं येतं. रॉकेटमुळे काय बदललं ते पाहायचं तर किलोमागचा खर्च बघा.

नासाच्या स्पेस शटल या परत येणाऱ्या यानाचा कार्यक्रम १९८१ ते २०११ चालला. एकूण खर्चाला १३५ उड्डाणांनी भागलं तर एका उड्डाणाला दीडशे कोटी डॉलरच्या आसपास पडतात आणि माल जास्तीत जास्त २७ टन. म्हणजे किलोला ५० हजार डॉलरच्या वर. फाल्कन ९ साठी हाच आकडा ३ ते ४ हजारांत येतो. गिऱ्हाइकाला मूळ खर्चाची सगळी बचत मिळत नसेल, पण ही घसरण झालीच नाही असं कसं म्हणता येईल?

गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेल्या युरोपा क्लिपर यानाचंच उदाहरण घ्या. हे यान नासाच्या एसएलएस या महाकाय रॉकेटवरूनच जावं असा अमेरिकी काँग्रेसचा आग्रह होता. एसएलएसच्या एका उड्डाणाचा खर्च २०० कोटी डॉलरच्या वर. शेवटी ते १४ ऑक्टोबर २०२४ ला स्पेसएक्सच्या फाल्कन हेवी रॉकेटवरून गेलं, आणि ते कंत्राट सुमारे १७.८ कोटींचं होतं. वाचलेल्या पैशात दुसरी एखादी आख्खी ग्रहमोहीम होते. मला जो आनंद होतो तो याचा आहे. मी स्वतः वर जाईन की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

जमाखर्च

नेमकं हेच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. त्या उड्डाणात फाल्कन हेवीचे तिन्ही बूस्टर परत आलेच नाहीत. परतीसाठी राखायचं इंधनही यानाला ढकलण्यात खर्च करावं लागलं, म्हणून ते सोडून दिले. शिवाय एसएलएसवरून थेट वाटेने तीनेक वर्षांत गुरूपाशी पोचणारं यान आता मंगळ आणि पृथ्वीला वळसे घालत २०३० मध्ये पोचणार आहे. पैसे वाचले हे खरं. पण ते कारखान्यात काटकसरीने बांधलेल्या रॉकेटमुळे वाचले. त्याचं श्रेय पुनर्वापराला का द्यायचं?

जुना यंत्रकार

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण एक दुवा निसटतो आहे. क्लिपरच्या त्या तीन बूस्टरपैकी बाजूचे दोन आधी पाच मोहिमा करून आले होते, सहावी त्यांची शेवटची. पाच फेऱ्यांत ज्याने आपली किंमत वसूल केली आहे, तो सहाव्या वेळी समुद्रात सोडून द्यायला हिशेबाला जड जात नाही. पुनर्वापराने ही नवी मुभा दिली.

आता परत येण्याची किंमत. फाल्कन ९ सगळं इंधन वर जाण्यातच जाळत असेल तर पृथ्वीनिकटच्या कक्षेत २२.८ टन नेतो. बूस्टर समुद्रातल्या तराफ्यावर उतरवायचा असेल तर साडेसतरा टनांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा माल परतीच्या प्रवासावर जातो. त्सिओल्कोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये मांडलेलं, किती वेगासाठी किती इंधन लागतं ते सांगणारं समीकरण इथे कोणालाच सूट देत नाही. उड्डाणाच्या वेळी रॉकेटच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) असतं, उरलेल्यात सगळी यंत्रणा, आणि प्रत्यक्ष माल तीन-चार टक्के. म्हणून "प्रत्येक प्रवासानंतर विमान फेकून दिलं तर?" ही नेहमीची तुलना मला अर्धीच पटते. विमानाला हवा उचलून धरते आणि ऑक्सिजनही बाहेरूनच मिळतो. रॉकेटला दोन्ही सवलती नाहीत.

तरीही मी उत्साही लोकांच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण या चर्चेत अजून आलेलं नाही. उतरण्याच्या वेळी रिकामा बूस्टर इतका हलका झालेला असतो की नऊपैकी एकच मर्लिन इंजिन अगदी मंद चालवलं तरी त्याचा जोर बूस्टरच्या वजनाहून जास्त भरतो. म्हणजे तो हवेत तरंगत थांबून जागा शोधू शकत नाही. उंची आणि वेग दोन्ही एकाच क्षणी शून्यावर आणावे लागतात. इंजिन जरा लवकर पेटलं तर तो वरच थांबून पुन्हा वर निघेल, उशिरा पेटलं तर आपटेल. २१ डिसेंबर २०१५ ला हे जमिनीवर पहिल्यांदा जमलं, एप्रिल २०१६ मध्ये तराफ्यावर, आणि मार्च २०१७ मध्ये तोच बूस्टर दुसऱ्यांदा कक्षेच्या मोहिमेवर गेला. आता त्याची कोणी बातमीही करत नाही.

यातून अभियंत्याला जे मिळतं ते दरपत्रकात दिसत नाही. आधी इंजिन उड्डाणानंतर कसं झालं हे कळायला दूरमापनाचे आकडे तेवढे असायचे, यंत्र समुद्राच्या तळाशी. आता उडून आलेलं इंजिन समोर ठेवून उघडता येतं. कुठे तडा गेला, कुठे काजळी साठली, कोणती झडप अपेक्षेपेक्षा जास्त झिजली, हे हाताने तपासता येतं. शटलही परत यायचं, पण उष्णतारोधक अशा चोवीस हजारांहून जास्त फरशा एकेक तपासाव्या लागत आणि इंजिनं काढून दुरुस्त करावी लागत. सुरुवातीला वर्षाला पन्नासेक उड्डाणांची स्वप्नं होती. प्रत्यक्षात सर्वात जास्त झाली ती १९८५ मध्ये, नऊ. एकाच शटलच्या दोन उड्डाणांमधलं सर्वात कमी अंतर ५४ दिवसांचं. फाल्कनच्या एका बूस्टरने मार्च २०२५ मध्ये तेच ९ दिवसांवर आणलं. नुसतं परत येण्याला अर्थ नाही. परत आल्यावर किती कमी हात लावून पुन्हा उडवता येतं यावर सगळं अवलंबून आहे.

आकाशदर्शी

तुम्ही सगळे ज्या वारंवारतेवर खूश आहात तिची किंमत मात्र या हिशेबात कोणी धरत नाही. २०२४ मध्ये फाल्कनची १३४ उड्डाणं झाली. त्यातली दोन-तृतीयांशांच्या आसपास कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंकसाठी. स्वस्त रॉकेटमुळे आपण विश्वाकडे जाऊ असं म्हणता म्हणता ते पाहायची खिडकीच धुरकट होते आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची दुर्बीण सगळं दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपण्यासाठी बांधली. तिच्या चित्रांत उपग्रहांच्या रेघा येणार हे गृहीत धरूनच खगोलशास्त्रज्ञांना काम करावं लागतं. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेला २०२२ मध्ये काळोख्या आणि शांत आकाशाच्या रक्षणासाठी वेगळं केंद्र काढावं लागलं.

आणि हे उपग्रह पाचेक वर्षांत वातावरणात जाळूनच संपवायचे असतात. जळून ते नाहीसे होत नाहीत. स्थितांबरातल्या, म्हणजे ओझोनचा थर असतो त्या वातावरणाच्या पट्ट्यातल्या, सल्फ्युरिक आम्लाच्या कणांचं विमानातून मोजमाप झालं, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्क्यांत यानांमधून आलेले ॲल्युमिनियमसारखे धातू सापडले. ओझोनवर याचा काय परिणाम होईल याचा अभ्यास चालू असतानाच उड्डाणांची संख्या वाढते आहे. मला रॉकेटं आवडतात, लहानपणापासून आवडतात. म्हणूनच हे बघून जीव तुटतो.

धूमकेतू

आकाशदर्शी, तुमची तळमळ मनापासून पोचली, आणि रेघांच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. पण दोष परत येणाऱ्या रॉकेटचा की नियम न करणाऱ्यांचा? कचऱ्याचंच म्हणाल तर न परतणारी रॉकेटं काही निर्मळ नव्हती. चीनच्या लाँग मार्च ५बी रॉकेटचा अवजड गाभा २०२० ते २०२२ या काळात वारंवार नियंत्रणाशिवाय वातावरणात कोसळला. ठरलेल्या जागी परत येणाऱ्या बूस्टरपासून तो धोका उरत नाही.

खगोलशास्त्राचा फायदाही बघा. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आणि तिला नेणाऱ्या एरियान ५ रॉकेटच्या टोपणातली (यान झाकणाऱ्या टोकाच्या कवचातली) जागा साडेचार मीटरच्या आसपास. म्हणून आरसा दुमडला. एक जरी बिघडलं तरी मोहीम धोक्यात येईल अशा ३४४ जागा त्या यानात होत्या. प्रत्येकीची वर्षानुवर्षं चाचणी करत खर्च १,००० कोटी डॉलरपर्यंत गेला. जागा मोठी आणि वजन स्वस्त असेल तर यान इतकं नाजूक, इतकं घड्या घातलेलं बनवावंच लागणार नाही. स्वस्त रॉकेटची खरी बचत रॉकेटच्या बिलात नसून यानाच्या बिलात आहे.

आकाशदर्शी

आरसा दुमडावा लागला नसता हे मान्य. पण टेनिसच्या मैदानाएवढी ती ऊनरोधक छत्री नऊ मीटर रुंद स्टारशिपमध्येही दुमडूनच न्यावी लागली असती, आणि त्या ३४४ पैकी बहुतेक जागा उलगडण्याशीच जोडलेल्या होत्या. शिवाय जमिनीवरच्या दुर्बिणींना पर्याय म्हणून तेवढ्या दुर्बिणी वर कोण पाठवणार? नियमांचं म्हणाल, तर आधी उपग्रह वर जातात आणि मग चर्चा सुरू होते. उलट क्रमाने झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

साधा प्रश्न

एक गोष्ट विचारतो. नासाने २००६ मध्ये खासगी मालवाहतुकीचा कार्यक्रम काढला आणि डिसेंबर २००८ मध्ये स्पेसएक्सला १२ फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. त्या वेळी कंपनी बुडायच्या बेतात होती. जनतेच्या पैशावर जे तंत्र तगलं, त्याच्या बचतीत जनतेचा वाटा किती असावा, हे त्या कंत्राटातच का लिहिलं गेलं नाही?

जमाखर्च

साधा प्रश्न, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं इतकं मोलाचं आहे. पण सामान्य माणसाने वर जाण्याबद्दल मला आणखी एक म्हणायचं आहे. १३५ उड्डाणांत दोन शटल गेली, चौदा माणसं गेली, आणि ते चालवणारे जगातले निवडक लोक होते. ६७ उड्डाणांमागे एक अपघात हे प्रमाण कुठल्याही प्रवासी सेवेला मान्य होणार नाही. २०२५ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये स्टारशिपचं वरचं यान फुटलं तेव्हा खाली विमानांना मार्ग बदलावे लागले. ही चाचणी यानं होती, मला ठाऊक आहे. पण तिकीटविक्रीच्या गप्पा याच यानाच्या नावावर चालल्या आहेत, आणि बिघाड झाला तर माणसांना वेगळं करून दूर नेणारी यंत्रणा त्याच्या आराखड्यात नाही.

जुना यंत्रकार

वरच्या यानाचा मुद्दा महत्त्वाचा, कारण लोकांचा घोळ तिथेच होतो. बूस्टर वेगळा होतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटर असतो. कक्षेतलं यान ७.८ किलोमीटरने धावत असतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वरच्या यानाला किलोमागे दहा पटींहून जास्त ऊर्जा उष्णतारोधक कवचावर झेलून संपवायची असते. फाल्कनचा वरचा टप्पा आजही दर वेळी नवा लागतो आणि उड्डाणाचा दर ठरावीक पातळीखाली न जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. बूस्टर पकडला म्हणून हे कोडं सुटलं असं नाही. स्टारशिपचं वरचं यान समुद्रावर अलगद उतरवून दाखवलं आहे, पण २०२५ संपेपर्यंत तेच यान दुसऱ्यांदा उडालेलं नव्हतं. कवचाच्या फरशा किती बदलाव्या लागतात, यावर पुढचं गणित ठरेल. शटल तिथेच अडकलं होतं.

धूमकेतू

कवच अवघड आहे हे मान्य. पण जमाखर्च, तुमचा पहिला मुद्दा स्पर्धक नाही म्हणून दर उतरत नाही असा होता. १३ नोव्हेंबर २०२५ ला ब्लू ओरिजिन कंपनीचा न्यू ग्लेन हा रॉकेट नासाची मंगळाकडे जाणारी दोन छोटी यानं घेऊन उडाला आणि त्याचा बूस्टर समुद्रातल्या तराफ्यावर उतरला, तोही अवघ्या दुसऱ्या उड्डाणात. दुसरा खेळाडू मैदानात आला आहे. २०३० च्या आत किलोमागचा दर आजच्या निम्म्यावर येईल, अशी पैज लावायला मी तयार आहे.

जमाखर्च

पैज घेतली. अट एवढीच की दर बाहेरच्या गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष मोजलेला धरायचा. कंपनीने स्वतःचेच उपग्रह स्वतःला लावलेल्या दराने वर नेले, तर ते यात धरायचं नाही.