निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहणे: व्हिसा आणि पैशांच्या अटी

नाशिककर:
माझे वय ६१ आणि पत्नीचे ५८. राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाल्यामुळे दरमहा सुमारे ७० हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते, शिवाय मुदत ठेवी आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज येते. यापुढे वर्षातला बराचसा काळ चियांग माईला काढावा, असा आमचा विचार आहे. एक एजंट सांगतो की ८ लाख बाट दाखवले की काम होते. ही रक्कम कुठे आणि किती दिवस ठेवावी लागते, दोघांसाठी वेगवेगळी लागते का, आणि इथल्या ठेवींचे काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हुआ हिनवासी:
दाखवून परत काढून घेण्याचा हा पैसा नव्हे. निवृत्तांना मिळणाऱ्या ‘नॉन-इमिग्रंट ओ’ या व्हिसावर आल्यानंतर एक वर्षाची मुदतवाढ घ्यायची, तर अर्जाआधी दोन महिने ८ लाख बाट थायलंडमधील बँकेत स्वतःच्या नावावर असावे लागतात. मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावता येत नाही आणि उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे सुमारे २२ लाख रुपये जवळजवळ अडकूनच पडतात. घरभाडे, औषधपाणी याचा खर्च वेगळा. दुसरा मार्ग दरमहा ६५ हजार बाट उत्पन्नाचा आहे, पण आपले निवृत्तिवेतन त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही.

अर्ज करताना रक्कम भारतातल्या बँकेतच ठेवायची असेल, तर ‘ओ-ए’ हा निवृत्तांसाठीच्या व्हिसाचा दुसरा प्रकार आहे. मात्र त्यासाठी पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ३० लाख बाटांचा आरोग्य विमा लागतो. आज ६१ व्या वर्षी तो मिळेल. सत्तरीनंतर त्याचा हप्ता काय होईल, याचा विचार आधी करावा. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे, ८ लाखांत नाही.

पत्नीसाठी वेगळी रक्कम लागत नाही. त्यांना आपल्यावर अवलंबून म्हणून मुदतवाढ मिळते. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र हवे, आणि आपल्या पिढीतल्या अनेकांकडे लग्नपत्रिका व फोटोंपलीकडे काहीच नसते. महापालिकेत नोंदणी करून प्रमाणपत्र घ्या आणि पुढचे साक्षांकन भारतात असतानाच उरकून घ्या.

पुण्याचा सनदी लेखापाल:
पैसे पाठवण्याची बाजू सांगतो. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नाही. प्रश्न टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते त्या कराचा आहे. अशा कारणासाठी वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही, त्यापुढील रकमेवर २० टक्के कापला जातो. २२ लाख एकदम पाठवलेत तर २ लाख ४० हजार रुपये विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकतील. काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवली, तर हा भार बराच कमी होतो.

अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलात की फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार आपण अनिवासी ठरता. मग बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयातील खाते) करून घ्यावे लागते, त्यावरील व्याजावर ३० टक्के अधिक उपकर असा टीडीएस कापला जातो आणि तो टाळण्याचे ज्येष्ठ नागरिकांचे स्वयंघोषणापत्र चालत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासींना नवे खाते उघडता येत नाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतो, पुढे वाढवता येत नाही. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहिलात, तर तिथले करनिवासी ठरता, आणि २०२४ पासून तिथे आणलेल्या परदेशी उत्पन्नावर करआकारणीचा प्रश्न येतो. निवृत्तिवेतन आणि व्याज कोणत्या देशात करपात्र ठरते, हे दोन्ही देशांतल्या करारानुसार तपासून घ्यावे लागेल.

नाशिककर:
आभारी आहे. वर्षातून पाच महिनेच राहिलो, तर हा व्याप टळेल का?

हुआ हिनवासी:
थाई कराचा टळेल, व्हिसाचा नाही. देश सोडण्यापूर्वी पुनःप्रवेश परवाना घेतला नाही, तर मुदतवाढ तिथेच संपते. एका प्रवेशाला १,००० बाट, अनेक प्रवेशांना ३,८०० बाट. सलग ९० दिवस राहिल्यास इमिग्रेशन कार्यालयाला पत्त्याची सूचना द्यावी लागते. आणि फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माई टाळा. शेतं आणि जंगलं पेटवल्याचा धूर तेव्हा शहरावर बसून असतो. मुदतवाढीच्या दिवशी सकाळी बँकेत शंभर बाट भरून पासबुक छापून घ्या, कारण त्याच तारखेची नोंद नसेल तर इमिग्रेशनचे कर्मचारी अनेकदा परत पाठवतात.