गोळ्यांनी न थांबणारी लघवीची घाई : बोटॉक्स, पायाची नस की बॅटरी?

वाळपईकर: वहिनी 61 वर्षांच्या. लघवी लागली की धीर धरवत नाही, मोरीपर्यंत पोचेस्तोवर कपडे ओले. घाईवरच्या गोळ्या झाल्या: सॉलिफेनॅसिन 10 मिग्रॅ तीन महिने, मग मिराबेग्रॉन 50 मिग्रॅ दोन महिने. फरक नाही. साखर नाही, लघवीत जंतू नाहीत. वाळपईहून बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) ये-जा धरून काय सोयीचं?

सिस्टर_बांबोळी: बोटॉक्सचा गुण लवकर येतो, दोनेक आठवड्यांत. 100 युनिट 10 मिली सलाईनमध्ये कालवून दुर्बिणीतून मूत्राशयाच्या स्नायूत साधारण 20 ठिकाणी टोचतात, बहुतेक त्याच दिवशी घरी. सहा-नऊ महिन्यांनी पुन्हा. मेख अशी, की स्नायू जास्तच ढिला पडला तर लघवी तुंबते. शंभरात सहा-सात बायकांना काही काळ स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. ते आधीच शिकून घ्यायचं. जिला जमणार नाही, तिने या वाटेला जाऊ नये. त्या दिवशी जंतू सापडले तर इंजेक्शन पुढे ढकलतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

फिजिओ_फोंडा: पायाच्या नसेने लघवी तुंबत नाही. घोट्याच्या आतल्या हाडाच्या सुमारे 5 सेंमी वर बारीक सुई, तळव्याला पट्टी, त्यातून नसेला हलकी वीज 30 मिनिटं. अंगठा वळला किंवा तळव्यात मुंग्या आल्या तर सुई जागेवर. आठवड्याला एक, 12 वेळा, मग महिन्याला एकदा. चौथ्या-पाचव्या वेळी "काय फरक नाय" म्हणून सोडतात, तिथेच चुकतं. पेसमेकर असेल तर नको. खरी अडचण कदंबाच्या बसची: घाई होणारी बाई 12 फेऱ्या कशा करणार?

सिस्टर_बांबोळी: बॅटरी, म्हणजे मूत्राशयाच्या नसेला सतत हलकी वीज देणारं यंत्र, शेवटी. आधी कमरेखालच्या नसेजवळ तार घालून काही दिवस चाचणी, लघवीच्या नोंदींच्या डायरीत निम्म्याने तरी फरक दिसला तरच कमरेखाली कायमची बसवतात. खर्च लाखांत, दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य विम्यात) बसतं का, आधीच विचारा.

फिजिओ_फोंडा: दोन्ही गोळ्या एकत्र देऊन पाहिल्या का? बद्धकोष्ठ, संध्याकाळचा चहा, रात्रीची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी? लघवी झाल्यावर आत किती उरते?

वाळपईकर: उरते 40 मिली. गोळ्या एकत्र नाहीत. संधिवाताने बोटं वळत नाहीत.

सिस्टर_बांबोळी: मग घरचं कुणी नळी घालायला तयार असल्याशिवाय बोटॉक्स नको. एकत्र गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, रक्तदाब बघून. जमलं नाही तर पायाची नस, आणि सुईसाठी बांबोळीच हवं असं नाही, फोंड्यातच कुणी करतं का बघा.