हवेतले कण मेंदूपर्यंत पोचतात कसे?

ऋतुजा_पुणे: मेंदूला रक्त-मेंदू अडथळ्याचं (रक्तातल्या नको त्या गोष्टी मेंदूबाहेर रोखणाऱ्या पडद्याचं) संरक्षण असताना धुराचे कण आत शिरतात कुठून? घर हमरस्त्यापासून ६० मीटरवर असेल आणि एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ९० दिसत असेल, तर काळजीचं कारण आहे का?

गंधकंद: नाकाच्या छताशी गंधचेतातंतूंची टोकं उघडी असतात. २०० नॅनोमीटरहून (०.२ मायक्रॉनहून) बारीक कण त्यांतून थेट मेंदूत चढू शकतात. या वाटेवर तो अडथळा आडवा येतच नाही. दुसरी वाट फुप्फुसातून रक्तात. शिवाय फुप्फुसातल्या दाहाची रसायनं रक्तातून येऊन अडथळा सैल करतात, मग कण स्वतः न पोचताही मेंदूत दाह सुरू होतो.

२०१६ मध्ये बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी व मँचेस्टर इथल्या ३७ मृतांच्या मेंदूंत मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) तपासलं. शरीरात बनणारे स्फटिक कोनदार असतात. यातले बरेचसे गोल होते, म्हणजे प्रचंड उष्णतेत वितळून थिजलेले. इंधनाच्या ज्वलनातून, ब्रेकच्या घर्षणातून असेच निघतात. मात्र एवढ्यावरून अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा आजार) त्यांच्यामुळेच होतो असं म्हणता येत नाही, हे ठासून सांगायला हवं.

वायुमापक: एक्यूआय ९० पीएम २.५ मुळे (२.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांमुळे) असेल तर घनमीटरला साधारण ५४ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे. त्यात हे मोजमाप वजनाचं. २.५ मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात ०.१ मायक्रॉनचे १५ हजारांवर कण बसतात, आणि घरगुती लेसर सेन्सरला ०.३ मायक्रॉनखालचं जवळजवळ दिसतच नाही. म्हणून आकड्यापेक्षा रस्त्यापासूनचं अंतर बघा. ऑन्टारियोच्या २०१७ च्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत ७ टक्के जास्त, ५० ते १०० मीटरमध्ये ४ टक्के जास्त आणि २०० मीटरपलीकडे फरक नाही.

गाळणी: घरात हवा गाळणारं यंत्र (एअर प्युरिफायर) घ्यायचं असेल तर हिशोब असा. १० × १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर. तासाला ५ वेळा हवा गाळायची तर सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) तासाला १७० घनमीटर लागतो, तोही ज्या वेगाच्या आवाजात झोप लागेल त्या वेगावर. जाहिरातीतला आकडा कमाल वेगाचा असतो, तिथेच फसगत होते. हेपा फिल्टर (यंत्रातली बारीक तंतूंची गाळणी) पाण्याने धुऊ नका, तंतू चिकटतात. यंत्रात आयनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग) असेल तर तो बंद ठेवा, त्यातून ओझोन हा त्रासदायक वायू निघू शकतो. मच्छर कॉइल आणि उदबत्ती त्याच खोलीत जळत असेल तर यंत्र बिचारं काय करणार?

ऋतुजा_पुणे: मग खिडक्या कायम बंदच ठेवायच्या?

गाळणी: नको, कार्बन डायऑक्साइड साठतो. रस्त्याकडची गर्दीच्या वेळी बंद, मागच्या बाजूची दुपारी उघडी. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत अडकलेला असतो, तेव्हा दोन्ही बंद.