ओळख पटली म्हणजे विनोद झाला का?

पाणीपुरी_तिखट: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा 'केप फिअर' भाग (१९९३) म्हणजे निव्वळ नक्कल, आणि हसणाऱ्या निम्म्यांनी मूळ सिनेमा पाहिलेलाच नाही. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. दिग्दर्शक स्कोर्सेसेच्या १९९१च्या 'केप फिअर' सिनेमात खलनायक झालेला डी नीरो गाडीखाली स्वतःला बांधून घेतो. कार्टूनमधला, बार्ट या पोराच्या जिवावर उठलेला बॉबही घेतो, पण बार्टचा बाप होमर गाडी निवडुंगात घालतो! मग बॉब खाली उतरतो, दाताळ्यावर पाय, दांडा तोंडावर. एकदा नाही, नऊदा. पाचव्यांदा कंटाळा येतो, सातव्यांदा पुन्हा हसू फुटतं. मूळ सिनेमात दाताळं आहे कुठे?

उंटावरचा: तो 'कुणीतरी' मीच, नाव घ्या की. भाग वेळेला कमी पडत होता म्हणून दाताळी वाढवली, हे करणाऱ्यांनीच सांगितलंय. भरतीला तुम्ही कला म्हणताय.

पाणीपुरी_तिखट: पाहुणे वाढल्यावर आमटीत पाणी सगळेच घालतात. चव राखणं जमायला लागतं.

सासूबाई_नकोत: आपल्याकडे विडंबन म्हणजे मालिकेतल्या सासूची साडी नेसलेला पुरुष आणि मागे वाजणारं तेच ते संगीत. त्यापेक्षा ही नक्कल परवडली. संगीतकार बर्नार्ड हरमनची धून १९६२च्या पहिल्या 'केप फिअर'मधली, १९९१च्या रिमेकमध्येही तीच, आणि इथे ती बॉबला चिकटली ती कायमची.

उंटावरचा: ती धून कुठली हे माहीत नसलेल्याला काय कळणार? थेटरात सिगार ओढत खिदळणारा बॉब तरी कळेल का?

सासूबाई_नकोत: न कळायला काय झालं? पुढे होमर त्याहून मोठा सिगार घेऊन जोरात खिदळतोय आणि खुद्द बॉबच वैतागतो. पुढची खुर्ची ज्याने भोगलीय त्याला कळतं.

घाटावरचा_गडी: एक मिनिट. दाताळं कसलं, ते फावडं आहे.

लाल_माती: फावड्याला दात असतात?? कधी पातेरा, झाडाखालचा पाचोळा, ओढलाय का आयुष्यात?

घाटावरचा_गडी: आमच्याकडे ऊस असतो, पातेरा नसतो. जरा नीट बोला.

लाल_माती: नीटच सांगतो. आठवीत असताना काकांनी आंब्याखालचा पातेरा ओढून लोखंडी दाताळं दात वर करून टाकलं होतं. मी कैरीकडे बघत चाललो होतो. दांडा बरोब्बर नाकाखाली, पुढचा दात अर्धा गेला. काका आधी हसले, मग धावले. पुढे हॉस्टेलवर हा भाग लागला तेव्हा पोरं लोळत होती आणि मी तोंडावर हात धरून बसलो होतो. मूळ सिनेमा मी आजतागायत पाहिलेला नाही.

घाटावरचा_गडी: दाताचं वाईट वाटलं. दाताळं तर दाताळं.

उंटावरचा: म्हणजे आता दंतवैद्यकावरून विनोद ठरणार. आणि शेवटी बार्ट त्याला १८७८ची 'एचएमएस पिनाफोर' ही इंग्रजी संगीतिका पहिल्यापासून शेवटपर्यंत गायला लावतो, तेही काकांनी ओढलं होतं का?

पाणीपुरी_तिखट: खुनी माणूस गाण्याच्या हौसेपायी खून लांबवतो आणि तेवढ्यात पकडला जातो! नाट्यसंगीताच्या बैठकीला कधी गेला नाहीत वाटतं.

उंटावरचा: ...बरं. पिनाफोर मान्य. दाताळी नवातली चार मान्य. उरलेली पाच भरतीच.

लाल_माती: एकावर पाय देऊन बघा, मग बाकीची मोजू.