काडाच्या गाठी उचलायला आकडा कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं गाव परभणीकडं. यंदा हार्वेस्टरनं गहू काढला अन् मागं बेलर लावून काडाच्या चौकोनी गाठी करून घेतल्या, एकेक गाठ १५-२० किलोची. आता त्या ट्रॉलीतून गोठ्यात रचायच्यात पण सुतळीला धरून उचललं की बोटं कापायलीत, आईच्या तर दोन्ही हाताला वळ उठलेत, अन् सुतळी सरकली की गाठ सुटून सगळं काड खाली.

मोंढ्यात हमाल पोत्याला लावतेत तो छोटा आकडा आणला, पण तो काडात धरतच नाही, ओढला की मूठभर काड घेऊन बाहेर येतो. लोहाराकडून लांब दांडीचा, टोक जास्त वळवलेला करून घ्यावा का? जाडी किती ठेवावी? वरच्या थराला गाठ द्यायला दोन दाती दाताळं बरं का चार दाती?

एक भीती हाय, टोक तुटून काडात राहिलं अन् गाईच्या पोटात गेलं तर तार-खिळ्यासारखं थेट काळजापर्यंत टोचतंय. म्हणून लोखंड चांगलंच पाहिजे. कुणी वापरत असाल तर फोटो टाका भाऊ, आभाळ भरून यायच्या आत रचायचंय.