क्लास काढताना एकाआड एक एलिमेंट का सुटतात?

प्रश्न

नमस्कार. एका वेबपानावर कामांची यादी आहे आणि वापरकर्त्याने निवडलेल्या ओळींना ‘निवडलेले’ हा क्लास (एलिमेंटला, म्हणजे पानावरील घटकाला, दिलेले वर्गनाव) लागतो. ‘सर्व निवड रद्द करा’ हे बटण दाबल्यावर मी जावास्क्रिप्टची गेटएलिमेंट्सबायक्लासनेम ही मेथड वापरून या ओळी मिळवतो आणि शून्यापासून लेंग्थपर्यंत (मिळालेल्या ओळींच्या संख्येपर्यंत) फॉर लूप चालवून प्रत्येकीच्या क्लासलिस्टमधून तो क्लास काढतो. सहा ओळी निवडलेल्या असतील, तर पहिली, तिसरी आणि पाचवी तेवढी मोकळी होते. बटण पुन्हा दाबल्यावर दुसरी आणि सहावी सुटते, आणि चौथीसाठी ते तिसऱ्यांदा दाबावे लागते. कन्सोलमध्ये कोणतीही एरर दिसत नाही. त्याच ठिकाणी क्वेरीसिलेक्टरऑल ही दुसरी मेथड लिहिली, की सर्व काही सुरळीत चालते. उपाय सापडला आहे. मला कारण समजून घ्यायचे आहे.

उत्तर १

गेटएलिमेंट्सबायक्लासनेम आपल्याला एचटीएमएलकलेक्शन (एलिमेंटांचा एक संग्रह) देते आणि ते ‘लाइव्ह’ असते, म्हणजे पानाच्या त्या क्षणीच्या स्थितीप्रमाणे ते आपोआप बदलत राहते. आपण पहिल्या ओळीचा क्लास काढलात, की ती ओळ निकषात बसत नाही म्हणून कलेक्शनमधून त्याच क्षणी बाहेर पडते आणि मागच्या सर्व ओळी एकेक जागा पुढे सरकतात. आता शून्य क्रमांकावर मूळची दुसरी ओळ आलेली असते, पण लूपचा निर्देशांक एकवर गेलेला असतो आणि तिथे मूळची तिसरी ओळ असते. पुढच्या फेरीत निर्देशांक दोन होतो, तेव्हा त्या जागी पाचवी ओळ सापडते. ती काढल्यावर लेंग्थ तीन उरते, निर्देशांकही तीन होतो आणि लूप थांबतो. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने यात काहीच चुकीचे घडलेले नाही, म्हणून एररही येत नाही.

क्वेरीसिलेक्टरऑल जी नोडलिस्ट देते, ती मेथड चालवली त्या क्षणाची स्थिर यादी असते. नंतर क्लास काढा, एलिमेंट हलवा किंवा पानावरून काढून टाका, त्या यादीतील नोंदी तशाच राहतात.

लाइव्ह कलेक्शनच ठेवायचे असेल, तर लूप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवावा, किंवा लेंग्थ शून्य होईपर्यंत प्रत्येक वेळी शून्य क्रमांकाच्या ओळीचा क्लास काढत राहावे. दोन्ही मार्ग चालतात. मात्र सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्याला लूप उलटा का आहे हे कळावे म्हणून शेजारी कॉमेंट लिहावी लागते, आणि त्यापेक्षा स्थिर यादी घेणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु ‘नोडलिस्ट म्हणजे स्थिर’ असा समज यातून कोणी करून घेऊ नये. चाइल्डनोड्स आणि गेटएलिमेंट्सबायनेम यांच्याकडूनही नोडलिस्टच मिळते आणि ती लाइव्ह असते. यादी कोणत्या प्रकारची आहे यापेक्षा ती कोणत्या मेथडकडून किंवा प्रॉपर्टीकडून आली हे पाहणे महत्त्वाचे आहे. लाइव्ह यादीचा दुसरा धोका याच्या उलट आहे: लूपच्या आत त्याच क्लासचा नवा एलिमेंट यादीच्या शेवटी जोडत गेल्यास लेंग्थ दर फेरीला वाढते आणि लूप कधीच संपत नाही.

प्रत्येक नोंदीवर काम करणारी फॉरईच ही मेथड नोडलिस्टवर चालते, एचटीएमएलकलेक्शनवर चालत नाही. मॅप आणि फिल्टर या मेथड नोडलिस्ट आणि एचटीएमएलकलेक्शन या दोन्हींवर उपलब्ध नाहीत, त्यामुळे ते हवे असल्यास ॲरे.फ्रॉम वापरून खरा ॲरे करून घ्यावा. तसे केल्यावर लाइव्ह असण्याचा प्रश्नही आपोआप मिटतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. याला जोडूनच एक शंका विचारतो. प्रत्येक ओळीत ‘हटवा’ असे बटण आहे. पान उघडताना क्वेरीसिलेक्टरऑलने ती सर्व बटणे घेऊन त्यांना क्लिकचा लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारे फंक्शन) जोडला आहे, परंतु नंतर जोडलेल्या ओळींमधील बटणे दाबल्यावर काहीच होत नाही. येथे लाइव्ह कलेक्शन घेतले, तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर ३

सुटणार नाही. नवे बटण कलेक्शनमध्ये दिसू लागेल हे खरे, पण त्याला लिसनर कोण जोडणार? लूप तर केव्हाच संपून गेलेला असतो. येथे बटणे निवडण्याचा विचारच सोडून द्यावा आणि संपूर्ण यादीच्या मूळ एलिमेंटला एकच लिसनर लावावा, कारण क्लिकची घटना बटणापासून वर पूर्वज एलिमेंटांपर्यंत चढत जाते. लिसनरच्या आत इव्हेंटच्या टार्गेटवर (प्रत्यक्ष क्लिक झालेल्या एलिमेंटवर) क्लोजेस्ट ही मेथड बटणाच्या सिलेक्टरसह (एलिमेंट ओळखण्याच्या निकषासह) वापरावी. केवळ टार्गेटचा क्लास तपासला, तर बटणाच्या आत चिन्हाचा वेगळा एलिमेंट असल्यास टार्गेट तो ठरतो आणि तपासणी फसते. क्लोजेस्ट मात्र त्या एलिमेंटपासून सुरुवात करून वर जात जुळणारा पहिला पूर्वज शोधते. काहीच न जुळल्यास नल (‘काही नाही’ हे मूल्य) मिळते, तेव्हा तेथूनच परतावे. बटण सापडल्यावर त्याच्यावर पुन्हा क्लोजेस्ट वापरून ओळ मिळवावी आणि तिच्यावर रिमूव्ह चालवावे.

यादीच्या आत दुसरी यादी असेल, तर ओळीसाठीचा सिलेक्टर नेमका लिहावा, कारण क्लोजेस्ट सर्वांत जवळची ओळ देते आणि आपल्याला कदाचित बाहेरची हवी असेल.