छोटे हॉरर गेम आणि सेव्ह नसणं : तुमचे अनुभव लिहा

परवा रात्री दीड तासाचा एक हॉरर गेम लावला. पन्नास मिनिटांत शाळेच्या तळघरापर्यंत पोचलो आणि बाबांचा फोन आला, आईला बरं नव्हतं. मेन्यूत सेव्हच नाही. बंद केला आणि निघालो. आई आता ठीक आहे, पण त्या गेमकडे पुन्हा वळलो नाही. कुठलं दार कधी आपटणार हे कळल्यावर तीच पन्नास मिनिटं परत काय चालायची? तुमच्या बाबतीत असं झालंय का? सविस्तर लिहा.

*

आमच्या गावात तेव्हा रोज लोडशेडिंग, घरात इन्व्हर्टर नाही. 'स्लेंडर: द एट पेजेस' (२०१२) खेळायचो. अंधारं जंगल, हातात टॉर्च, शोधायचे आठ कागद. सहा मिळाले की वीज गेलीच. तरी त्याचा राग कधी आला नाही, कारण डाव लहान असतो. तिथे सेव्ह असता तर मागे वळून बघायची भीतीच गेली असती. दीड तासाच्या गेमला मात्र हा हिशेब लागू होत नाही.

*

'ग्रॅनी' (२०१७) आम्ही मावसभावंडं एकाच फोनवर खेळायचो. पाच दिवसांत घराबाहेर पडायचं, आवाज झाला की म्हातारी आलीच. फोनची रॅम २ जीबी. मध्येच कुणाचा कॉल आला की गेम मागे जाऊन बंद पडायचा आणि पुन्हा पहिला दिवस. वस्तूंच्या जागाही बदललेल्या! शेवटी सुट्टीभर एअरप्लेन मोड लावून खेळलो.

*

माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. सलग वीस मिनिटं मिळाली तर खूप. लॅपटॉप स्लीपवर टाकून एक गेम चार दिवस जिवंत ठेवला होता, पाचव्या दिवशी अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट झालं. 'एका बैठकीत संपवा' असं लिहितात, तेव्हा तशी बैठक ज्यांना मिळतच नाही त्यांचा विचार केलेला नसतो. मला भीती हवी आहे, सवलत नको.

*

असा एक गेम मी केलाय, म्हणून बनवणाऱ्याची बाजू सांगते. सेव्ह म्हणजे फक्त खेळाडूची जागा लिहून ठेवणं नाही. कुठली दारं उघडी, कुठली किल्ली घेतली, कुठला आवाज वाजून गेला, पाठलाग करणारा कुठे होता, सगळं नोंदवावं लागतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात लोड केल्यावर तो राक्षस खेळाडूबरोबर कुलूपबंद खोलीतच अडकला. एकटीने तपासायला वेळ पुरेना, म्हणून सेव्ह काढून टाकलं.

*

सेव्हने भीती मरते हे मला पटत नाही. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये (१९९६) सेव्ह टाइपरायटरवर करायचा आणि त्याला लागणारी रिबन मोजकीच, त्यामुळे सेव्ह करावं की नको याचीच धाकधूक. 'एलियन: आयसोलेशन'मध्ये (२०१४) सेव्ह होईपर्यंत काही सेकंद मशीनपाशी उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात मागून मरण येऊ शकतं. छोट्या गेमला 'थांबा आणि बाहेर पडा' एवढा एकच सेव्ह द्यावा, पुन्हा उघडला की तो पुसला जावा. मेलात तर पहिल्यापासून.

*

मी वरची गेम बनवणारीच. पुसला जाणारा सेव्ह सुचवणाऱ्यांना आणि बाळाच्या आईला : पुसला जाणारा सेव्ह प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवला, तर पाठलाग करणाऱ्याची जागा नोंदवायचीच गरज नाही. माझ्या गेममध्ये प्रकरणं चार आहेत, साधारण वीस-वीस मिनिटांची. या आठवड्यात करून बघते.